वाटीभर पेज आणि चौसष्ट घरे

बुद्धिबळ हा बसून खेळायचा खेळ. म्हणून तो बसून खाणाऱ्यांचाच खेळ, असे आपल्यातल्या पुष्कळांना वाटते. कबड्डीला मैदान लागते, कॅरमला पावडर लागते. बुद्धिबळाला लागतो रिकामा वेळ आणि भरलेले पोट. या दोन्ही गोष्टी कष्टकऱ्याच्या घरात एकाच वेळी सापडणे कठीण. आम्ही संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर वस्तीतल्या समाजमंदिरात मुलांची अभ्यासिका चालवतो. तेथील कपाटात बुद्धिबळाचे चार पट आहेत. ते पाहिले की एखादी आई हमखास विचारते, "भाऊ, यानं काय पोट भरणार हाय का?"

प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यावर उपदेश करीत नाही, एका मुलीची हकीकत सांगतो. ती मुलगी आपल्या देशातली नाही, आपल्या भाषेतली नाही. तरी ऐकता ऐकता बायका मध्येच म्हणतात, "ही तर आपल्याच गल्लीतली वाटती." तीच हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुलीचे नाव फियोना मुटेसी.

आफ्रिका खंडात युगांडा नावाचा देश आहे. कंपाला ही त्याची राजधानी, आणि त्या शहरातली मोठी झोपडपट्टी म्हणजे काट्वे. वस्ती सखल जागेत. मोठा पाऊस झाला की पाणी सरळ घरात. फियोनाचा जन्म तिथला, साधारण १९९६ सालचा. 'साधारण' हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे, कारण तिची नेमकी जन्मतारीख पक्की ठाऊक नाही. आपल्याकडेही जुन्या पिढीतल्या किती जणांच्या दाखल्यावर मास्तरांनी १ जून टाकलेला आहे, हे वाचकांना वेगळे सांगायला नको!

ती तीन वर्षांची असताना वडील एड्सने गेले. पाठोपाठ एक मोठी बहीणही गेली. मागे राहिली आई हॅरिएट आणि पोरे. आई बाजारात भाजी विकायची. फियोनाही मका विकत फिरायची. नऊ वर्षांची होता होता फी भरता येईना म्हणून शाळा सुटली. नीट लिहिता-वाचताही येत नव्हते. काट्वेतल्या मुलीचे पुढचे आयुष्य कसे जाते हे तिथे कोणी सांगावे लागत नाही. लहान वयात पदरात मूल, मग त्या मुलाच्या पोटासाठी पुन्हा बाजार.

२००५ साली एके दिवशी तिचा भाऊ ब्रायन कुठेतरी गुपचूप जातो हे तिच्या लक्षात आले. ती त्याच्या मागे मागे गेली. एका पडवीत मुले गोळा होऊन लाकडी सोंगट्या हलवीत बसली होती. रॉबर्ट कातेंदे नावाचा तरुण त्यांना काहीतरी शिकवीत होता. आणि शिकवणे झाले की प्रत्येकाला वाटीभर गरम पेज मिळत होती.

वाचकहो, इथे खरे बोलले पाहिजे. फियोना बुद्धिबळाच्या ओढीने त्या पडवीत गेली नाही. ती पेजेसाठी गेली. तिच्या भाषेत, म्हणजे लुगांडा भाषेत, या खेळाला शब्दसुद्धा नव्हता. पोट हा शब्द मात्र जगातल्या सगळ्या भाषांत आहे.

पहिल्या दिवशी पोरांनी तिच्या मळकेपणाची टिंगल केली. तरी ती पुन्हा आली. तिला सोंगट्यांच्या चाली शिकवायला बसली कोण, तर चार वर्षांची एक चिमुरडी! ज्याला येते त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवावे, मग वय कितीही असो, हा त्या पडवीचा रिवाज होता. आपल्या अभ्यासिकांनी तो जरूर उचलावा. आमच्याकडे दुसरीतली पोर जेव्हा सातवीतल्या मुलाला घोड्याची अडीच घरे समजावून सांगते, तेव्हा दोघांच्याही चेहऱ्याकडे पाहण्यासारखे असते.

कातेंदे यांच्याबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. हा माणूस कोणी बडा शेठ नव्हे. लहानपणीच आईचे छत्र हरपलेले. फुटबॉलच्या जोरावर शिकला, बांधकाम अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि एका ख्रिस्ती संस्थेतर्फे झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवू लागला. मैदानाच्या कडेला काही मुले नुसती उभी राहतात, खेळत नाहीत, हे त्याच्या ध्यानात आले. कोणाला मार लागण्याची भीती, कोणाच्या अंगात ताकद नाही. त्या कडेला उभ्या असलेल्यांसाठी त्याने २००४ च्या सुमारास बुद्धिबळाचा पट आणला. समाजकार्याची आमची व्याख्या विचाराल तर हीच आहे. खेळणाऱ्यांकडे सगळेच पाहतात. कडेला कोण उभे आहे, हे पाहणारा लाखात एक.

आता फियोनाच्या खेळाकडे वळू. २००९ साली सुदानमधल्या जुबा शहरात आफ्रिकेतल्या मुलांची बुद्धिबळ स्पर्धा झाली. (२०११ साली दक्षिण सुदान स्वतंत्र झाला, आता जुबा त्याची राजधानी आहे.) काट्वेच्या तिघा मुलांचा संघ तिथे गेला, त्यात फियोना होती. ती आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली, पहिल्यांदा हॉटेलात राहिली, पहिल्यांदा स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर झोपली. एका खोलीत सहा जण झोपणाऱ्या घरातल्या वाचकांना या शेवटच्या वाक्याचा अर्थ कळेल. युगांडाचा संघ ती स्पर्धा जिंकून आला. घरी परतल्यावर मात्र तीच झोपडी आणि तेच पाणी.

२०१० साली तिची देशाच्या महिला संघात निवड झाली. बुद्धिबळ ऑलिम्पियाड रशियात, सैबेरियातल्या खांती-मान्सीस्क गावी होते. जगभरच्या नामांकित खेळाडू तिथे जमलेल्या. कोणाला घरात प्रशिक्षक, कोणाला लहानपणापासून पुस्तके आणि संगणक. फियोनाने सोंगट्या ओळखायला सुरुवात करून जेमतेम पाच वर्षे झालेली. तिचे बहुतेक डाव हातचे गेले. हरल्यावर ती रडली. पण पुढच्या फेरीला पुन्हा पटावर जाऊन बसली. २०१२ साली इस्तंबूलच्या ऑलिम्पियाडनंतर तिला 'वुमन कँडिडेट मास्टर' हा किताब मिळाला. युगांडातल्या अगदी पहिल्या किताबधारक महिला खेळाडूंत तिची गणना झाली. त्यानंतरही ती ऑलिम्पियाडमध्ये देशातर्फे खेळली. मधल्या काळात सुटलेली शाळा पुन्हा सुरू झाली. फी संस्थेने आणि देणगीदारांनी भरली. २०१७ साली ती अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या कर्कलंड गावच्या नॉर्थवेस्ट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकायला गेली. काट्वेच्या त्याच पडवीतला बेंजामिन मुकुम्ब्याही तिच्याबरोबर गेला. दोघेही विद्यापीठाच्या संघातून खेळू लागले.

तिच्यावर टिम क्रॉथर्स या अमेरिकन पत्रकाराने २०१२ साली पुस्तक लिहिले. २०१६ साली त्यावर सिनेमा निघाला, 'क्वीन ऑफ काट्वे'. दिग्दर्शिका मीरा नायर. याच बाईंनी १९८८ साली मुंबईच्या रस्त्यावरच्या मुलांना घेऊन 'सलाम बॉम्बे' काढला होता. फुटपाथवरचे पोर त्यांना पुस्तकातून ठाऊक झालेले नव्हते. 'क्वीन ऑफ काट्वे' आम्ही एका रविवारी समाजमंदिरात महिलांना दाखवला. सिनेमा इंग्रजी, म्हणून मध्ये मध्ये थांबवून आम्ही मराठीत सांगत होतो. थोड्या वेळाने एक मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही गप बसा. आम्हाला समद्याचं कळतंय."

सिनेमाच्या नावात 'क्वीन' म्हणजे राणी आहे. पटावरची ही सोंगटी इंग्रजीत राणी, मराठीत वजीर. मूळ भारतीय-अरबी खेळात तो मंत्रीच होता, युरोपात गेल्यावर त्याची राणी झाली. आमच्या अभ्यासिकेतल्या मुलींना ही गोष्ट फार आवडते. एकीने विचारले, "मग प्यादं शेवटच्या घरात गेलं की त्याची राणी होते का वजीर होतो?" आम्ही म्हटले, तुला जे व्हायचे असेल ते म्हण, चाल तीच आहे! प्यादे हे पटावरचे सर्वांत लहान माणूस. एकेक घर पुढे सरकते, मागे फिरत नाही. आठव्या घरात पोहोचले की सर्वांत मोठे होते. पण प्याद्याबद्दल आणखी एक गोष्ट खेळणाऱ्याला ठाऊक असते. एकटे सोडलेले प्यादे सहसा मारले जाते. शेवटच्या घरापर्यंत तेच पोहोचते, ज्याच्या पाठीशी दुसरे कोणीतरी उभे असते.

फियोनाची हकीकत ऐकून काही सुशिक्षित मंडळी लगेच म्हणतात, "बघा, मनात आणले तर गरीबही काय करू शकतो!" हे वाक्य गोड आहे, पण अर्धे आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग असा निघतो की, ज्यांनी केले नाही त्यांच्या मनातच नव्हते. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, दिवसभर ऑफिसात आकडेमोड करणारे. तेव्हा भाषण सोडून या मुलीचे खातेच मांडू.

नावे बाजूला काय आहे? रोजची पेज, आणि ती शिजवणारे हात. वर्षानुवर्षे न चुकता येणारा एक माणूस. शाळेची फी. पट आणि सोंगट्या. विमानाचे तिकीट. आणि आई हॅरिएटने सोडलेली मुलीची दिवसभराची कमाई, जी त्या घरात फार मोठी रक्कम होती. जमा बाजूला काय आहे? फियोना जगज्जेती झाली नाही, ग्रँडमास्टरही झाली नाही. तिला मिळालेला किताब महिलांच्या किताबांतली पहिली पायरी आहे. तिचे रेटिंग दोन हजारांपर्यंतही पोहोचले नाही. म्हणजे नुसत्या खेळाच्या हिशेबाने खाते तोट्यात आहे, असे कोणी म्हणेल. पण जमेला आणखी रकमा आहेत. सुटलेली शाळा पुन्हा जोडली गेली. न वाचणारी मुलगी विद्यापीठात गेली. पुस्तक आणि सिनेमाच्या पैशातून तिने आईला घर घेऊन दिले. आणि काट्वेतल्या पोरींना कळले की लवकर आई होणे ही एकच वाट नाही. हे खाते आम्ही कितीदा तपासले, दरवेळी शिल्लकच दाखवते.

मोठे यश म्हणजे काय, हे पाहायला आपल्याला आफ्रिकेत जायला नको. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख हिने जॉर्जियातल्या बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हम्पीसारखी मातब्बर खेळाडू होती. दिव्या तेव्हा एकोणीस वर्षांची. त्या विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. वस्तीत पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. दिव्याचे आई-वडील दोघेही डॉक्टर आहेत. हे आम्ही तिचे यश कमी करण्यासाठी सांगत नाही, उलट एक गोष्ट दाखवण्यासाठी सांगतो. २०२४ च्या जानेवारीत नेदरलँड्समधल्या एका मोठ्या स्पर्धेनंतर दिव्याने जाहीरपणे लिहिले की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि बोलणे यांवरच जास्त बोलतात. डॉक्टरांच्या घरातल्या, चांगल्या प्रशिक्षणात वाढलेल्या मुलीलाही ही नजर चुकली नाही. मग आपल्या वस्तीतल्या मुलीला पटावर बसताना किती नजरा ओलांडाव्या लागत असतील!

आमच्या अभ्यासिकेत तिसरी-चौथीपर्यंत मुली-मुलगे सारखेच येतात. सातवीनंतर मुलगे टिकतात, मुली गळतात. कोणी हाकलत नाही. पाणी भरायचे असते, धाकट्याला सांभाळायचे असते, आई कामावरून येईपर्यंत भात टाकायचा असतो. मुलगी गळते ती अशी हळूहळू. भांड्यातून पाणी झिरपावे तशी, आवाज न होता.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सहावीतली एक मुलगी चांगली खेळू लागली होती. आई चार घरची धुणीभांडी करणारी, वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करणारे. रविवारी एक शालेय स्पर्धा होती. फीची सोय झाली, गाडीभाड्याची झाली. आई म्हणाली, "समदं खरं, पर रविवारी पाणी कोण भरंल? आमच्याकडं पाणी त्याच टायमाला येतंय." आम्ही गप्प बसलो. स्त्री-पुरुष समानतेवर आम्ही पुष्कळ भाषणे केली आहेत, पण हंडा भाषणाने भरत नाही. तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "माझ्या पोराला लावते रांगेत. जाऊ दे पोरीला." आणि खरोखर त्या रविवारी नळावर दहावीतला मुलगा दोन घरांचे हंडे घेऊन उभा राहिला. पोरे हसली. तो हलला नाही.

मुलगी स्पर्धेत पाच डाव खेळली. दोन जिंकली, एक बरोबरीत सुटला, दोन हरली. बक्षीस नाही. रात्री आईने विचारले, "काय झालं गं?" तर म्हणाली, "दोन हरले. पण कुठं चुकलं ते लिहून आणलंय." स्पर्धेत प्रत्येक चाल कागदावर लिहावी लागते. शाळेची वही भरायला कंटाळणाऱ्या त्या मुलीने पाच डाव चालीगणिक लिहून आणले होते. आज ती नववीत आहे. त्या घरात संध्याकाळी सहा ते सात ही वेळ तिच्या नावाची आहे. त्या वेळात आई तिला हाक मारत नाही. वडिलांनी एकदा मारली, तर आईनेच म्हटले, "थांबा. तिचा डाव चालूय." ती पुढे मोठी खेळाडू होईल की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण जिला दिवसातला एक तास स्वतःच्या नावावर मिळाला, तिला तो पुढे मागताही येईल, एवढे आम्ही नक्की सांगतो.

माता-भगिनींनो आणि बंधूंनो, शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. बुद्धिबळाचा साधा पट फार महाग नसतो, दोन-तीन घरांत मिळून एक घेता येतो. समाजमंदिराच्या कपाटात पट असेल तर त्याला कुलूप नको. एखादी सोंगटी हरवली तर बाटलीचे बूच चालते, खेळ थांबत नाही. आठवड्यातून ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी एका मोठ्या माणसाने तिथे हजर राहावे. त्याला खेळ उत्तम आला नाही तरी चालेल, पण खाडा नको. मुले शाळेतून थेट येतात, तेव्हा मंडळाच्या वर्गणीतून उकडलेले चणे किंवा खिचडीची सोय करावी. जयंतीच्या खर्चातून एका रात्रीच्या डीजेचे पैसे वाचले तर चण्यांची बरीच पोती येतील! आणि स्पर्धेच्या दिवशी मुलीचा हंडा कोणी भरायचा, हे शनिवारीच ठरवून टाकावे.

आता त्या आयांच्या प्रश्नाचे उत्तर. होय, बुद्धिबळाने पोट भरते की नाही ते माहीत नाही, पण काट्वेच्या पडवीत पोट आधी भरले आणि बुद्धिबळ मागून आले. हा क्रम आपण पाळला, तर आपल्या पोरींच्या चाली आपोआप पुढे पडतील.